शमुवेलकाकांचा ट्रॅक

"माझा आवाज कुठं हाय?"

शमुवेलकाकांनी हे दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी माउस उगाचच हलवला. स्क्रीनवर काहीतरी शोधतोय असं दाखवलं.

चिंचवडच्या माझ्या स्टुडिओत त्या दिवशी चर्चची अख्खी क्वायर कोंबून बसली होती. क्वायर म्हणजे चर्चमध्ये एकत्र गाणाऱ्यांचा गट. काही सोफ्यावर, बरेचसे जमिनीवर, दोघं दाराला टेकून उभे. आम्ही रेकॉर्ड केलेलं गाणं पूर्ण झालं होतं आणि सगळे ते पहिल्यांदाच ऐकत होते. अशा वेळी गाणं कुणी ऐकत नाही. ग्रुप फोटो हातात आला की आपण आधी स्वतःला शोधतो, तसं प्रत्येक जण स्वतःचा आवाज शोधत असतो.

वाकडच्या दोन आयटीवाल्या मुली एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या.

"ही बघ तू!"

"ह्या! मी कधी एवढी चांगली गाते? पण काही म्हण, एकदम फॉरेन वाटतंय."

काका स्पीकरजवळ सरकले. उजवा कान पुढे केला, डोळे मिटले. गाणं संपल्यावर उघडले.

"मला काही माझा आवाज घावंना."

"आहे ना काका," मी म्हणालो. "सगळ्यांत मिसळलाय. एकट्याचा वेगळा ऐकू आला तर ती क्वायर कसली?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. वाक्य इतकं पटण्यासारखं होतं की क्षणभर मलाही पटलं.

काकांचा आवाज त्या गाण्यात नव्हता. मी तो बंद केला होता.

मी साउंड इंजिनिअर आहे. चाकण-भोसरीच्या कंपन्यांच्या सेफ्टी फिल्म, ट्रेनिंगचे व्हिडिओ, गणपतीच्या दिवसांत मंडळांची गाणी, यावर माझं पोट चालतं. ऐकायचं जास्त आणि बोलायचं कमी असा धंदा आहे, म्हणूनच मी तो धरला. घरचे म्हणतात, ह्याच्या तोंडातून शब्द काढायला पाना लागतो. ते खरं आहे. या प्रकरणातही तेच नडलं.

काम आणलं होतं साळवेबाईंनी. बाई निवृत्त नर्स. स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात जी बेटं आहेत, त्यांतल्या एका बेटावरच्या हॉस्पिटलात त्यांनी काही वर्षं नोकरी केली. आता पिंपरीत राहतात आणि चर्चची क्वायर बसवतात. ईस्टरच्या उपासनेसाठी त्यांनी स्वतः एक गाणं रचलं होतं आणि त्याचं रेकॉर्डिंग त्यांना त्या बेटावरच्या चर्चच्या मंडळीलाही पाठवायचं होतं.

पहिल्या भेटीत त्यांनी मला मोबाइलवर त्या बेटावरचं गाणं ऐकवलं. तिथली भाषा गेलिक, परंपरा केल्टिक, म्हणजे तिथल्या जुन्या लोकांची. ना वाद्य, ना ताल. एक जण पुढे उभा राहून ओळ टाकतो आणि बाकीचे ती उचलतात. पण एकदम उचलत नाहीत. कुणी स्वरावर सरळ येतो, कुणी दोन पायऱ्या चढून येतो, कुणी बराच उशिरा. चाळीस माणसं एकाच गावाला निघाली आहेत, पण कुणाचं पाऊल कुणाशी जुळत नाही, असं ते ऐकू येतं.

"म्हणजे आपल्या भजनासारखं?" मी विचारलं. "एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी ओढायचं?"

"जवळपास. पण भजनात टाळ सगळ्यांना एका जागी आणतो. इथे टाळ नाही. इथे देवापाशी ज्यानं त्यानं आपापल्या चालीनं पोचायचं."

या रीतीखाली त्यांनी आजच्या पद्धतीचं कोरल संगीत बसवलं होतं. कोरल म्हणजे बायकांचे दोन गट आणि पुरुषांचे दोन गट, चारही वेगवेगळे स्वर एका वेळी लांब धरून ठेवतात. ते स्वर एकमेकांना जरा घासतात आणि मग सुटतात. त्या धरलेल्या स्वरांवर बाई एकट्या ओळ टाकणार आणि मोठ्या वयाची काही मंडळी ती बेटावरच्या रीतीनं उचलणार. शब्द मराठी, बाईंचेच. पहिली ओळ होती, "दिवस कलला तरी दार लोटू नकोस, देवा."

निघताना बाई दारात थांबून म्हणाल्या, "एक सांगते. ओळ उचलणाऱ्यांना फार सरळ रेषेत आणू नका."

मी मान हलवली. क्लायंट काहीही म्हणाला तरी मान हलवायची, हा आमच्या धंद्याचा अर्धा भाग आहे.

पुढची अडचण वेगळीच निघाली. आमच्या भागातली क्वायर शिफ्टवर चालते. कुणी फर्स्ट शिफ्टला, कुणी सेकंडला, कुणी जनरलला. चाकणच्या बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, आयटीवाल्यांना शनिवार-रविवार, आणि रविवारी चर्चमध्ये उपासना. तासन्तास चालणाऱ्या रेकॉर्डिंगसाठी सगळे एका जागी जमेनात. मी तोडगा काढला. बाईंचा आवाज आधी रेकॉर्ड केला. मग ज्याला जमेल तेव्हा तो स्टुडिओत येईल, हेडफोनवर बाईंना ऐकेल आणि आपला भाग गाऊन जाईल. प्रत्येकाचा आवाज कॉम्प्युटरवर वेगळ्या पट्टीत साठतो. त्या पट्टीला ट्रॅक म्हणतात. सगळे ट्रॅक एकावर एक ठेवून त्यांचा लहानमोठेपणा ठरवायचा, याला मिक्सिंग म्हणतात. ते माझं काम.

वेगळे ट्रॅक असले की एक मोह होतो. हल्ली सॉफ्टवेअरमध्ये बेसूर स्वर उचलून सुरावर ठेवता येतो. उशिरा आलेला शब्द ओढून वेळेवर आणता येतो. मी आधी एकाचा आणला. मग शेजारचा खटकायला लागला, म्हणून त्याचाही. करता करता सगळ्यांना एका ओळीत उभं केलं. बाई काय म्हणाल्या होत्या ते मला आठवत होतं. पण गाणं आता परदेशी सीडीसारखं गुळगुळीत वाजत होतं आणि ते मी केलं होतं. मला त्याचा गर्व झाला.

फक्त शमुवेलकाका ओळीत येईनात.

काका मूळ नगरकडचे, राहायला कुरुळीत. सगळी नोकरी चाकणला प्रेस शॉपमध्ये गेली. प्रेस शॉप म्हणजे पत्र्यावर मोठा साचा आपटून गाडीचे भाग काढणारं खातं. तिथल्या आवाजानं त्यांचा डावा कान कधीच गेला होता. हेडफोनमध्ये त्यांना अर्धंच ऐकू यायचं. ते बाईंची ओळ पूर्ण होऊ द्यायचे, श्वास घ्यायचे आणि मग सगळ्यांच्या मागून, खालून स्वर घासत वर यायचे. कधी पोचायचे, कधी थोडे खालीच राहायचे. सॉफ्टवेअरनं ते ओढायला गेलं की आवाज डब्यातून आल्यासारखा व्हायचा.

मी त्यांच्या ट्रॅकचं म्यूट बटण दाबलं. गाणं साफ झालं.

आणखी एक आहे. ते मी नंतर कुणालाच सांगितलं नाही, इथे लिहितो. म्यूट करण्याआधी मी काकांचा एकट्याचा ट्रॅक फोनवरून धंद्यातल्या एका मित्राला ऐकवला. "हे घे, डिझेलची गाडी थंडीत स्टार्ट होतेय," असं म्हणालो. आम्ही दोघं हसलो.

सगळे ऐकायला जमले त्या दिवशी मिक्स ऐकून बाई एवढंच म्हणाल्या, "स्वच्छ झालंय." त्या चहा न घेता गेल्या.

त्यानंतर काका प्रॅक्टिसला आले नाहीत. पुढच्या आठवड्यातही नाहीत. बाईंनी फोन केला तर म्हणाले, तब्येत बरी नाही. चर्चमध्ये मात्र यायचे, शेवटच्या बाकावर बसायचे आणि गाणं सुरू झालं की तोंड मिटून घ्यायचे. हे मला बाईंनी सहज सांगितलं. तुमच्या स्टुडिओत त्यांना काही लागलं का, कुणी बोललं का, असंही विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

एका कंपनीचं काम चाकणला होतं. परतताना मी गाडी कुरुळीत वळवली. काका अंगणात खुर्ची टाकून बसले होते. समोरून कंपनीच्या बसेस वळत होत्या. मला बघून ते उठायला लागले.

"या सर, या. अगं, च्या टाक."

"काका, प्रॅक्टिसला येत नाही?"

"न्हाई. बास झालं आता."

"का?"

"आता तुमाला काय सांगायचं." त्यांनी उजव्या कानाला हात लावला. "डावा प्रेसनं खाल्लाच व्हता. मला वाटायचं, ह्यो हाय. त्या दिवशी सगळ्यांला आपापला आवाज घावला. पोरींला घावला, त्या बसच्या ड्रायव्हरला घावला. मला न्हाई. म्हंजे ह्योबी गेला."

"डॉक्टरला दाखवलं का?"

"कशाला? तुमच्या स्पीकरनं सांगितलं की."

मी समोर वळणाऱ्या बसकडे बघत राहिलो.

"तुमचा काय दोष न्हाई," ते मलाच समजावत म्हणाले. "मी बेसूर व्हतो आन् मलाच कळत न्हाई, ह्याची लाज वाटती. देवापुढं न्हाई, त्याला माझी सवय हाय. पोरांपुढं वाटती."

काकू चहा घेऊन आल्या. "घरात बी गात न्हाईत आता. पयले आंघुळीला बसले का सुरू व्हायचे, मी आतून वरडायचे, पाणी गार व्हतंय म्हणून. आता वरडायला बी काय राह्यलं न्हाई."

मी चहा प्यायलो. बशी खाली ठेवली. "येतो काका," म्हणालो आणि निघालो.

का बोललो नाही? भीती वाटली. आमच्याकडे कामं तोंडातोंडी येतात. हा माणूस क्लायंटचा आवाज गुपचूप कापतो, असं पसरलं असतं तर संपलंच. आणि त्याहून मोठं कारण म्हणजे, त्यांनी मला आधीच माफ केलं होतं, तेही न केलेल्या गोष्टीसाठी. केलेली गोष्ट त्यावर कशी ठेवायची, ते सुचेना.

त्याच आठवड्यात माझ्याकडे एका कंपनीची सेफ्टी फिल्म आली. विषय होता इअरप्लग, म्हणजे कानात घालायचे बोळे. निवेदकाचं एक वाक्य नीट येत नव्हतं, "गेलेली श्रवणशक्ती परत मिळत नाही." त्यानं ते परत परत म्हटलं. मी परत परत ऐकलं. शेवटी त्याला म्हणालो, "आज राहू दे." स्टुडिओ बंद करून बाईंच्या घरी गेलो.

बाई वाटाणे सोलत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

"काय काय दुरुस्त केलंत?"

"सगळं."

"सगळं म्हणजे?"

"सगळ्यांना वेळेवर आणलं. सुरात आणलं. आणि काकांना..."

"काकांना काय?"

"बंद केलं."

त्या सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी हे गाणं ईस्टरला घ्यायचंच नाही असं ठरवलं होतं. वाटलं, मी दोन गोष्टी मिसळायला गेले आणि दोन्हीतलं काहीच उरलं नाही. माझंच चुकलं."

"सॉरी बाई."

"संजय, वॉर्डात पोरी चुकीचं औषध द्यायच्या आणि रडत माझ्याकडे यायच्या. मी आधी एकच विचारायचे. पेशंट कसा आहे?"

मी खाली पडलेला एक वाटाणा उचलून ताटात टाकला.

"कसा आहे पेशंट?"

"घरातही गात नाहीत."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

मी लॅपटॉप घेऊन थेट कुरुळीला गेलो. काकांच्या उजव्या कानावर हेडफोन लावला आणि त्यांचा ट्रॅक चालू केला, एकटा. काहीच हात न लावलेला.

ते ऐकत राहिले. हळूहळू त्यांचा हात गुडघ्यावर हलायला लागला.

काकू म्हणाल्या, "काय झालं? काय ऐकवत्यात?"

"मी हाय," काका म्हणाले. "ह्ये मी हाय!" मग माझ्याकडे वळले. "त्या दिवशी का नव्हतो?"

"मी बंद केला होता काका. तुमचा आवाज मला नको होता. तुमच्या कानाला काही झालेलं नाही. मी खोटं बोललो."

"मागं आलता तवा?"

"तेव्हाही ठाऊक होतं."

"च्या पिऊन गेलता."

"हो."

त्यांनी हेडफोन काढून ठेवला आणि ते आत गेले. बराच वेळ आले नाहीत. काकू माझ्याकडे बघेनात. मला वाटलं, आता निघावं. तेवढ्यात काका बाहेर आले, इस्त्रीचा शर्ट घालून.

"चला. आज प्रॅक्टिस हाय ना?"

"हो."

"ह्ये तिथंबी सांगायचं. मी एकट्यानं कशाला ऐकायचं?"

तिथेही सांगितलं. मी आयुष्यात इतक्या माणसांसमोर कधी बोललो नव्हतो. मग वाकडवाल्यांपैकी एकीनं विचारलं, "म्हणजे माझा तो वरचा स्वर? तो माझा नव्हता?"

"आवाज तुमचा होता. जागा मी दिली."

"अरे देवा! मी ते स्टेटसला ठेवलं होतं. मम्मीनं शंभर जणांना पाठवलंय!"

कंपनीची बस चालवणारा एक जण मागून म्हणाला, "भाऊ, माझं लायसन पण जरा सरळ करून द्या की. फोटो वाकडा आलाय." हशा पिकला. काका हसले नाहीत. पण ते त्यांच्या नेहमीच्या जागेवर बसले होते.

मी म्हणालो की जुने ट्रॅक तसेच आहेत, सगळी दुरुस्ती काढून पुन्हा मिक्स करून देतो. बाईंनी मान हलवली नाही.

"नको. पुन्हा रेकॉर्ड करायचं. आणि या वेळी असं करा, की तुम्हाला कुणाला बंद करताच येणार नाही."

याचा धंद्यातला अर्थ असा, की सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच जागी गायचं आणि मध्ये फक्त दोन माइक. मग सगळे आवाज एकत्रच साठतात. एक काढायचा तर सगळेच काढावे लागतात.

सगळ्यांना एकत्र आणायला बाईंना माझ्यापेक्षा जास्त खटपट करावी लागली. गुरुवारची दुपार ठरली. आयटीवाल्यांनी रजा टाकली. सेकंड शिफ्टवाल्यांनी दुसऱ्यांशी शिफ्ट बदलून घेतल्या. एक जण नाइट करून न झोपता आला. माझ्या चुकीची भरपाई ही माणसं करत होती आणि वर मलाच विचारत होती, "दादा, जेवलात का?"

मी चर्चच्या मधोमध माइक लावले आणि बाजूला झालो. माझ्याकडे करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. बाईंनी ओळ टाकली. खालचे चार स्वर दाटून आले, एकमेकांना घासायला लागले. त्यांच्यावर म्हाताऱ्या मंडळींनी ओळ उचलली, एक आधी, एक नंतर, एक वळसा घालून. सगळे पोचले. आणि मग, सगळे पोचल्यावर, काका खालून आले. त्यांचा स्वर पूर्ण वर पोचला नाही. पण तो ज्या जागी टेकला, तिथे पुरुषांच्या खालच्या गटानं धरलेला एक स्वर आधीच उभा होता. बाईंनी तो मुद्दाम लिहिला होता की आपोआप जुळला, ते मी अजून विचारलेलं नाही.

बाहेर कंपनीच्या बसनं हॉर्न दिला. तो रेकॉर्डिंगमध्ये आहे. बाई म्हणाल्या, राहू दे.

ईस्टरच्या आदल्या रविवारी उपासनेनंतर सगळ्यांनी ते चर्चच्या स्पीकरवर ऐकलं. काकू पण आल्या होत्या. मधल्या काळात बाईंनी काकांना कानाच्या तपासणीला नेलं होतं. डावा गेलेलाच, उजवा बऱ्यापैकी शाबूत. ऐकायचं यंत्र मिळालंय. त्यात घरातली भांडी फार वाजतात, अशी त्यांची तक्रार आहे.

ओळ आली. काका ताठ बसले.

"ह्यो मी," ते मोठ्यानं म्हणाले. मग जरा थांबून, "लईच उशिरा येतो की मी."

"घरीबी तसंच," काकू म्हणाल्या.

ईस्टरला ते गायले. तेवढेच उशिरा. त्यानंतर काका माझ्याशी काही दिवस जेवढ्यास तेवढंच बोलायचे. मला ते बरोबर वाटलं. मग एकदा त्यांनीच फोन करून विचारलं, मंडळीतल्या एका लग्नाचं गाणं रेकॉर्ड कराल का? मी हो म्हणून फोन ठेवला. ज्याला मी गाण्यातून काढलं, त्यानं मला कामाला बोलावलं. साळवेबाईंचे, त्या क्वायरचे आणि काकांचे माझ्यावर जे उपकार आहेत, ते मला तोंडानं नीट सांगता येत नाहीत, म्हणून लिहिले.

धंद्यात एकच बदल केला. पूर्वी मी क्लायंटला विचारायचो, काय दुरुस्त करायचंय? आता आधी विचारतो, कशाला हात लावायचा नाही? बरेचसे गोंधळतात, म्हणतात, असं काही नाही, तुम्ही बघा. तेव्हा मी काम सुरू करत नाही. ज्यांनी गायलंय त्यांना आधी बोलवा, म्हणून सांगतो.